सुताचा वाटा

कुंताबाई फार मानी होती, कुणाचं फुकट घेत नव्हती, असं नागभीडच्या बाजूला अजून सांगतात. साफ खोटं आहे. गफ्फारशेठची तांदळाची बैलगाडी तलावावर मासे धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीवर, टोलीवर आली, तेव्हा सगळ्यांत आधी पदर पसरून उभी राहिली ती कुंताबाईच. घरात चूल थंड आणि दारात तांदूळ, अशा वेळी आत तोंड फिरवून बसणारी बाई ती नव्हे. तिनं तांदूळ रांधला, घरच्यांना पोटभर वाढला, स्वतः जेवली आणि मग भांडी घासता घासता तिच्या मनानं घेतलं, की हे असं रोज चालायचं नाही.

चूल थंड पडली होती ती तिच्या नवऱ्यापायी. गोविंदा तसा गुणाचा माणूस. मोहफुलं वेचायची तर झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात, हे तिकडचं लहान पोरही सांगेल. त्या चैतात गोविंदानंही तेच केलं. पण तलावाच्या पाळीवरच्या ज्या मोहाखाली त्यानं काडी लावली, त्याच्या शेजारच्या झाडावर टोलीचं मोठं जाळं वाळत घातलेलं होतं. वारा फिरला आणि जाळ्याची राख झाली. तलावाचं पाणी उतरलेलं, मासा हाताशी आलेला, आणि ओढायला जाळं नाही. टोलीत कुणी गोविंदाला वावगा शब्द बोललं नाही. तेच त्याला जास्त लागलं. तो घरात मान घालून बसला तो बसलाच.

गफ्फारशेठचं नागभीडला स्टेशनाजवळ सुताचं दुकान होतं. त्या साली रमजान मोहाच्या दिवसांतच आला होता, आणि रमजानात शेठचा हात एरवीपेक्षाही सैल. आगीची बातमी कानावर आली तशी त्यानं गाडी भरून पाठवली. माणूस मनाचा मोठा, यात वाद नाही.

कुंताबाई उन्हातान्हात चालत त्याच्या दुकानात गेली.

"शेठ, तुमचा तांदूळ बेस होता. आता सूत पायजे. जाळं विणाचं हाय."

"मंग घेऊन जा ना बाई! लागन तेवढं घ्या. अल्लाच्या नावानं दिलं."

"तसं नाई. आमच्यात ज्याचं सूत जाळ्यात, त्याले दर ओढीले वाटा रायते. तुमचाबी राहीन."

शेठ हसला. मग बाई थट्टा करत नाही हे ध्यानात येऊन त्याचं हसू मावळलं. "खैरातीचा मोबदला घेतला, त ते खैरात कशी राहीन? माझं पुण्य, माझा सवाब बुडवता का?"

"अन् खैरातीचं जाळं पाण्यात टाकलं, त ते आमचं कसं होईन? उद्या फाटलं त पुन्हा तुमच्याच दारात येऊ का?"

आतल्या पडद्याआड शेठची बायको शमीम खुदकन हसली. दोघंही हट्टाला पेटलेले, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही खरं होतं. शेठला द्यायचं होतं ते देवाकडे बघून. त्यात माशाचा व्यवहार त्याला खपत नव्हता. कुंताबाईला टोलीची माणसं पुन्हा आपल्या पायावर उभी करायची होती, आणि नवऱ्याला घराबाहेर काढायचं होतं. शेवटी तिनंच तोड काढली.

"तुमी खैरात म्हणा, मी वाटा म्हणीन. पाळीवर काय होते ते पाहू."

सूत आलं तशी टोली कामाला लागली. कुणी टकळीवर पीळ घालतंय, कुणी जाळ्याची घरं विणतंय, बायका सूत पाण्यात कुजू नये म्हणून त्याला द्यायला ऐनाच्या सालीचा काढा उकळवताहेत. गोविंदा बाहेर आला आणि सगळ्यांत किचकट असा काठाचा भाग विणायला बसला. कुंताबाईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. पण त्या दिवशी तिनं चुलीपुढं गाणं म्हटलं.

पहिली ओढ भरभक्कम लागली. पाळीवर पळसाच्या पानांवर घरटी वाटे पडले. पत्रूबुवा आंधळा, दोरीला हात न लावणारा. पण ज्या घरातून धूर निघतो त्या घराला वाटा, असा टोलीचा रिवाज, म्हणून त्याचाही पडला. एक वाटा सुताचा. तो धन्यानं उचलल्याशिवाय जाळं पुन्हा पाण्यात जात नाही, हाही रिवाजच. केवळराम नावाचा तरणा गडी शेठचा वाटा घेऊन नागभीडला गेला आणि तसाच परत आला. शेठनं निरोप दिला होता: गरिबांना वाटून टाका.

"वाटून टाकू न मंग," केवळराम म्हणाला. "मालकच नाई म्हणते."

"इथी गरीब कोण हाय? नाव सांग," कुंताबाई म्हणाली.

केवळरामनं बोटांवर एकेक घर मोजून पाहिलं. जे नाव घ्यावं त्याचा वाटा त्याच्या घरी पोचलेला. शेठच्या वाट्याला आलेली मरळ चिवट मासोळी, ओल्या पोत्याखाली तग धरून राहिली. पण जाळं मात्र काठीवर सुकं लटकलं. दुसऱ्या दिवशी माणसं कुरकुरायला लागली, तिसऱ्या दिवशी गोविंदा म्हणाला, "माझ्यापायी एकदा जाळं गेलं, आता तुझ्यापायी जाते." हे तिला फार झोंबलं. तरी ती हटली नाही. आज हा वाटा खाल्ला तर उद्या जाळंच शेठचं होईल आणि आपण त्याच्या गाडीची वाट बघत बसू, हे तिला उन्हासारखं लख्ख दिसत होतं.

संध्याकाळी शेठ स्वतः छकड्यातून आला, तो तणतणतच. पोत्याखालची मरळ त्यानं उचलली आणि थेट पत्रूबुवाच्या झोपडीत नेली.

"घ्या बुवा."

"कायची?"

"मासोळी. तुमच्यासाठी."

"मी काऊन घेऊ? मले माझा वाटा भेटला. तुमाले नाई भेटला का?"

शेठ हातात मरळ घेऊन दारातच उभा राहिला. आयुष्यभर ज्याच्या पुढे हात पसरले गेले, त्याच्याकडून घ्यायला आज कुणी तयार नव्हतं. कुंताबाईला त्याची दया आली, आणि तिनं ती लपवली नाही.

"शेठ, सूत दिलं ते तुमच्यात अन् अल्लात. त्यात आमी बोलत नाई. मासोळी तुमच्यात अन् आमच्यात. दोनी एकात कालवू नका. न्या घरी, शमीमबाईले म्हणा मसाला बारीक वाटा."

शेठ गेला तो मरळ घेऊन. जाळं त्याच रात्री भिजलं.

पुढं दोन उन्हाळे गेले आणि शेठला लकवा मारला. एक बाजू गेली, दुकान भावांनी आपल्या हाती घेतलं. भावांच्या घरून डबे येत, ओळखीचे लोक शिधा आणून देत. देणारे दारात जरा रेंगाळत, आणि शेठ लकव्यानं वाकड्या झालेल्या तोंडानं प्रत्येकाला "मेहरबानी, मेहरबानी" म्हणे. मग भिंतीकडे तोंड करून पडून राही. शमीम हे रोज बघत होती.

कुंताबाई मात्र दर ओढीनंतर टोपली घेऊन यायची, वाटा आतल्या परातीत ओतायची आणि लगेच निघायची. एका दुपारी शेठनं खाटेवरून मान उचलून परातीत पाहिलं. सगळ्या बोटाएवढ्या मासोळ्या.

"काऊन बाई," तो अडखळत पण चांगला मोठ्यानं बोलला, "माझ्याच वाट्याले सारं बारीक आलं का? मरळ कुठी गेली?"

शमीम कानकोंडी होऊन मध्ये पडायला गेली. पण कुंताबाईनं टोपली खाली आपटली आणि कमरेवर हात ठेवले.

"मरळ लागलीच नाई! विश्वास नसन त छकड्यात बसून पाळीवर या, अन् पाहा कोण खाते तुमचा वाटा!"

"येतोच! मले काय समजता? मी बराबरीचा वाटेकरी हाय!"

दोघांचं चांगलंच जुंपलं. शेजारपाजारचे डोकावून गेले. शमीम चुलीजवळ येऊन बसली आणि पदरात तोंड घालून रडली. दुखणं आल्यापासून नवरा आज पहिल्यांदा कुणाशी भांडत होता. मग तिनं डोळे पुसले आणि त्या बारीक मासोळ्या साफ करायला घेतल्या.