गोळी तिची, रक्त माझं

गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या पुरुषांनाही चांगल्या लागू पडतात, हे मी स्वानुभवाने सांगतो. जवळजवळ महिनाभर नियमित घेतल्या आहेत. (पथ्यासकट!)

गोळ्या अर्थातच माझ्या बायकोसाठी होत्या. सुप्रियाला दिवस गेले आणि उलट्यांनी ती इतकी बेजार झाली, की तिसऱ्या महिन्यात कांदिवलीहून थेट माहेरी गेली, कणकवलीजवळच्या तिच्या गावाला. मी इथे काळजीत. गावात कसलं आलंय औषधपाणी! पण तिथे एक आशाताई होत्या. गरोदर बायकांना गोळ्या नेऊन देणं आणि त्या घेतल्या की नाही हे पाहणं, हे त्यांचं काम. बाकीच्या बायकांना त्या गोळ्यांचं पाकीट देत असतील, पण सुप्रियाचं घर त्यांच्या वाटेवरच होतं. त्यामुळे दुपारी जेवणं झाली की बाई पडवीत हजर.

"माझ्या समोर गीळ गो. मगे मी उठतंय."

"ताई, ठेवा ना. थोड्या वेळाने घेते."

"थोड्या वेळान तू ती कोंबड्यांका घालतलंस. माका म्हायत हा!"

मग जीभ वर करून दाखवायची, तेव्हा कुठे ताई चप्पल घालायच्या. पाचवा महिना संपता संपता सुप्रिया परत आली, तेव्हा तिचं हिमोग्लोबिन चांगलं वर गेलेलं होतं. मी त्याचं श्रेय आमच्या घराण्याला दिलं.

कांदिवलीत मात्र आशाताई नव्हत्या. इथे मी होतो. सुप्रियाला त्या लाल गोळीचा वासच सहन होईना. पाकीट फोडलं की उमासा, गोळी जिभेवर ठेवली की बेसिन. ती रोज म्हणायची "घेते रे नंतर", आणि मी रोज "घे हां नक्की" म्हणून कामावर जायचो. महिन्याने तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला, मग सुप्रियाकडे बघितलं आणि शेवटी माझ्याकडे.

"हे असंच खाली येत राहिलं, तर बाळंतपण इथे नाही करणार मी. मोठ्या हॉस्पिटलला पाठवणार. रक्त चढवावं लागेल, आणि जास्त रक्तस्राव झाला तर तुमच्या बायकोकडे शिल्लक काहीच नसेल. कळतंय का मिस्टर?"

कळलं. सुप्रिया रिक्षात पोटावर हात ठेवून बसली होती. मला माझीच लाज वाटली. अंधेरीच्या एका कंपनीत मी डिस्पॅच सांभाळतो. कुठला खोका कुठल्या पत्त्यावर पोचला, हे मी झोपेतही सांगेन. आणि घरातल्या घरात एक गोळी ओट्यापासून बायकोच्या पोटापर्यंत पोचवता येत नव्हती!

त्याच दिवशी मी योजना आखली. सुप्रियाला खजूर आवडायचा. खजुराची बी काढायची, त्या जागी गोळी बसवायची आणि वरून दाबून बंद करायचं. रोज सकाळी निघण्याआधी असा एक खजूर वाटीत घालून मी ओट्यावर झाकून ठेवणार, आणि दुपारी जेवण झाल्यावर दीड तासाने, चहा न घेता, ती तो खाणार. वास नाही, उमासा नाही. सुप्रियालाही पटलं. झकास!

अडचण एकच होती, आमच्याबरोबर राहणारी माझी आई. आईला गोळीचं कळू द्यायचं नव्हतं. कारण आईचं ठाम मत होतं, की लोहाच्या गोळ्यांनी पोर काळं होतं. "लोखंड काळा, तर पोर काय गोरा होतला?" तिच्या असल्या तर्कांपुढे मी शाळेपासून कधी टिकलो नाही. म्हणून तिला सांगितलं, "आई, हा खजूर फक्त सुप्रियाचा. ताकदीसाठी. हात लावू नकोस."

आई "बरा" म्हणाली. आमची आई "बरा" म्हणाली की माणसाने सावध व्हायला हवं, पण मी योजनेवर खूश होतो.

रोज संध्याकाळी कामावरून आलो की मी पहिला प्रश्न विचारायचो, "खाल्लंस?"

"खाल्लं."

"सगळं?"

"सगळं रे बाबा!"

आणि मी समाधानाने खुर्चीत बसून आई देईल ते आमसुलाचं सरबत प्यायचो. माझी साखर काठावर आल्यापासून आईने माझी साखर बंद केली होती, त्यामुळे सरबत नुसतं आंबटढाण असायचं. पण अलीकडे त्याला गोडवा आला होता. जरा रवाळ लागायचं, आणि मागाहून जिभेवर खिळा चाटल्यासारखी चव रेंगाळायची.

"आई, हे सरबत असं का लागतंय गं?"

"आमसुला नवीन आसत. पी गप."

प्यायलो गप. (उलट उत्तर देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. असती तर बायकोचा महिना वाया गेला नसता.)

तीन आठवड्यांनी माझ्या पोटाचं बिनसलं. सकाळी अर्धा अर्धा तास आत. बाहेरून सुप्रिया दार वाजवतेय, "मंगेश, सातवा महिना मला लागलाय, तुला नाही!" ते एक वेळ ठीक होतं. पण जे काही होत होतं ते काळंकुट्ट होतं. मी गुपचूप मोबाईलवर शोधलं आणि पाचव्या मिनिटाला माझी खात्री पटली, की पोटात अल्सर फुटलाय आणि मी बाळाचं तोंड बघत नाही. सुप्रियाला सांगणार कसं? तिला टेन्शन द्यायचं नव्हतं. ऑफिसात दोन दिवस मी विम्याचे कागद वाचत बसलो. एकदा डोळ्यांत पाणीही आलं. खोटं कशाला बोलू!

तिसऱ्या दिवशी नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट दाबलं, डोळे बघितले, रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट आल्यावर विचारलं, "आयर्नच्या गोळ्या घेता का?"

"छे छे! मी देतो. घेत नाही."

"अल्सर काही वाटत नाही तुमच्याकडे बघून. तुमचं रक्त तर एकदम फर्स्ट क्लास आहे. सोळाच्या वर! आयर्न घेणाऱ्यांना मात्र असं काळं होतं, बद्धकोष्ठही होतं. नक्की घेत नाही ना?"

मी दुखावल्यासारखा घरी आलो. घरी सुप्रिया हातात रिपोर्ट घेऊन बसली होती. तिची त्याच दिवशी तपासणी होती. हिमोग्लोबिन आणखी खाली.

"वाट लागली," ती हळूच म्हणाली. "रोज घेऊन पण खालीच चाललंय रे. माझ्यातच काहीतरी खोट आहे का?" आणि ती रडायला लागली.

मी तिच्यासमोर मांडी घालून बसलो. "रोज एक खजूर खाल्लास ना?"

"खजूर? खजूर कुठे? अंजीर."

"अंजीर?"

"वाटीत रोज अंजीरच असतं. मला वाटलं, खजुराचा कंटाळा येईल म्हणून तू बदललंस. गोळी तर दाताला लागलीच नाही कधी. म्हटलं, कुटून इतकी मस्त भरलीय! मी माझ्या आईला फोनवर तुझं कौतुक सांगत होते रे!"

आम्ही दोघांनी एकाच वेळी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. आई दारातच उभी होती, हातात माझ्या सरबताचा ग्लास.

"आई, खजूर कुठे गेले?"

"खजूर उष्ण!" आई म्हणाली. "गरवार बाईक रोज खजूर देतत? पोटातला पोर भाजात! मी तिका अंजीर दिलंय. थंड."

"आणि खजूर?"

"टाकूचो कित्याक? येवढो महागाचो! तुझ्या सरबतात मिक्सरक लावलंय. साखर तुका चलना नाय ना?"

बी आधीच काढलेली असायची, त्यामुळे तिला वाटे की मुलगा निदान एवढं काम तरी नीट करतो. आमसुलाचा रंग लाल, गोळी लाल. मिक्सर वाजला की कुणाला काय दिसणार! मी हताशपणे सगळं सांगितलं. खजुरातली गोळी, मोठं हॉस्पिटल, रक्त चढवणं, सगळं. आई रागावेल असं वाटलं होतं. ती खालीच बसली. तिने ग्लास बाजूला ठेवला.

"रक्त चढवूचा लागतला? माका कोण बोलला नाय ता," ती म्हणाली. मग सुप्रियाच्या डोक्यावरून हात फिरवला. "काळा तर काळा, गो बाय. तू धड रव."

त्या संध्याकाळी सुप्रियाने आशाताईंना व्हिडिओ कॉल लावला आणि त्या दिवसापासून घराची सूत्रं माझ्याकडून काढून घेण्यात आली. ताईंनी मला सुनावलं, की आंबटाबरोबर घेतलेलं लोह अंगाला छान लागतं, म्हणजे मी ते अगदी शास्त्रशुद्ध घेतलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सुप्रियाला वासाचा त्रास न होणारी दुसरी गोळी लिहून दिली. रोज दुपारी आई लिंबूपाणी घेऊन समोर बसायची, सुप्रिया गोळी गिळायची आणि फोनच्या पडद्यातून आवाज यायचा, "जीभ वर कर गो!" आई स्वतः वाकून जिभेखाली बघायची. हिमोग्लोबिन चढलं. मोठ्या हॉस्पिटलचं नाव कुणी काढलं नाही.

बाळंतपणाच्या दिवशी रक्ताची गरज पडलीच नाही. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी पॅसेजमध्ये उभ्या उभ्या रडलो आणि त्या भरात शेजारच्या पेशंटसाठी रक्त द्यायला तयार झालो. रक्तपेढीतल्या बाईंनी माझं बोट टोचून तपासलं आणि चकित होऊन वर बघितलं.

"काय झकास रक्त आहे हो तुमचं! काय खाता तरी काय?"

मी खाली बघून म्हणालो, "बायकोच्या वाटचं."