शिक्क्यापुरती जागा

झेरॉक्सच्या दुकानात तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि प्रवेशासाठी भारताचा नागरिक असल्याचा दाखला हवा होता. मुदतीचा शेवटचा दिवस. पुरावा म्हणून वडिलांनी तहसील कचेरीत आजोबांचा निजामाच्या काळातला उर्दू शाळेचा दाखला नेला, सोबत मराठी तर्जुमा. जुना कागद फाटू नये म्हणून आदल्याच दिवशी औरंगपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात हौसेनं लॅमिनेट केलेला. उर्दू बघून कारकून म्हणाला, "काय हो, पाकिस्तानातून आलात का?" वडील म्हणाले, "साहेब, आम्ही पडेगावचे. निजाम गेला, आम्ही नाय गेलो." कारकून हसला. "व्हय, पण पडताळणीचा शिक्का कुठं मारू? प्लॅस्टिकवर शाई धरत नाय." वडील तिथंच बाकावर बसून ब्लेडनं प्लॅस्टिक सोलू लागले, आणि प्लॅस्टिकबरोबर आजोबांचं नावच निघून आलं. माझं एक वर्ष गेलं. आता माझ्या पदवीला लॅमिनेशन कर म्हणून बायको मागं लागते. मी करत नाही. उद्या कुणी परत विचारलं, तर शिक्का मारायला जागा नको का?