गोधड्यांनी जिंकलेली मीटिंग

शालिनी आज पहाटे गेली, आणि सोसायटीच्या ग्रुपवर पहिला हात जोडलेला इमोजी कुणाचा? आमच्या माजी सेक्रेटरींचा!

याच गृहस्थांनी तिला 'गोधडीवाली बाई' म्हटलं होतं. म्हणून ही पोस्ट.

शालिनी माझी शेजारीण. आयुष्यभर तिने नाट्यगृहांचं ध्वनी-डिझाइन केलं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द नीट ऐकू यावा, एवढाच तिचा धर्म.

आणि राहायला आली कुठे? नवी मुंबईत, उलव्यातल्या आमच्या टॉवरमध्ये.

आमचा हॉल म्हणजे खाली ग्रॅनाइट, बाजूला काच, वर गुळगुळीत पीओपी. एका वाक्याचा घुमारा विरायच्या आत दुसरं त्यावर आदळायचं.

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर मला ओरडायच्या, "स्पीक अप, गर्ल!" मी दर मीटिंगला स्पीक अप करायचे. कुणाला अक्षर कळायचं नाही.

सेक्रेटरी माइकवर पुटपुटायचे, हॉल घुमायचा, आणि मिनिट्समध्ये यायचं, 'सर्वानुमते मंजूर'.

मग कुणकुण लागली. तळमजल्यावरचं पाळणाघर बंद करून ती खोली बिल्डरच्या ऑफिसला द्यायची, आणि येत्या मीटिंगमध्ये ते उरकून टाकायचं.

नोकरीवाल्या आयांनी मुलं ठेवायची कुठे?

शालिनी सेक्रेटरींना म्हणाली, "आधी हॉल सुधारा."

"मॅडम, मोठे स्पीकर लावतो ना."

"लावा. गोंधळ मोठा होईल."

मग ती रिकाम्या हॉलमध्ये गेली. एक टाळी वाजवली आणि मान तिरकी करून ऐकत राहिली.

"भिंती उघड्या आहेत गं. यांना कपडे घालूया."

मीटिंगच्या दिवशी आम्ही दारोदार फिरून गोधड्या मागितल्या. साताऱ्याच्या कदमकाकू बिचकल्या. "अवं ताई, सासूबाईंची वाकळ हाय ती. भितीला टांगू व्हय?"

"काकू, आवाज मुरायला जाडच लागतं. चादरीचं काम नाही."

काकूंनी दोन दिल्या.

"भिंतीला चिकटवू नका, मागे फट ठेवा," शालिनी खुर्चीवर बसून हुकूम सोडत होती. मागची भिंत झाकली. काचा झाकल्या.

सेक्रेटरी आले, बघून हसले. "काय हो गोधडीवाल्या बाई, वाळत घातल्यात का?"

मीटिंग सुरू झाली, आणि ते सवयीप्रमाणे माइकवर पुटपुटले, "पाळणाघराची खोली बिल्डरला देण्याचा ठराव, मंजूर आहे ना..."

शेवटच्या रांगेतून कदमकाकू उठल्या. "पाळनाघर बंद? कुनाला इचारून?"

सेक्रेटरींचा चेहरा! "काकू... तुम्हाला ऐकू आलं?"

सगळ्यांनाच आलं होतं. मग एकेक आई उठली. कुणालाही ओरडावं लागलं नाही. ठराव साफ पडला. पुढच्या निवडणुकीत सेक्रेटरीही पडले, आणि नव्या कमिटीने शालिनीकडूनच भिंतींना आवाज शोषणारी कायमची पॅनेल्स लावून घेतली.

आज दुपारी तिला निरोप देऊन परतले, तेव्हा पाळणाघर भरलेलं होतं. दारात चपलांचा ढीग, आत पोरांचा कल्ला.

ही खोली तू राखलीस, शालिनी.

जा आता निवांत. सगळ्या मजल्यांचा तुला मनापासून नमस्कार.