लग्न सोडून डिझेलमागे गेलेली आत्या

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत रागावण्यासारखं जे काही म्हणून आहे, त्या सगळ्यावर माझी आत्या एकदा तरी रागावलेली आहे. बिस्किटाच्या पुड्यात बिस्किटं कमी आणि हवा जास्त म्हणून ती किराणा दुकानदारावर रागावते, आणि हवेचे पैसे द्यायला नकार देऊन पुडा तिथंच उघडून दाखवते. दवाखान्याच्या भिंतीवर 'शांतता राखा' असं लिहिलेलं आणि त्याच भिंतीला टेकून कुणी मोबाईलवर मोठ्यानं गाणी ऐकतंय, हे दिसलं की ती स्वतः त्या गाण्यांपेक्षा मोठ्या आवाजात शांतता प्रस्थापित करते. एकदा त्यांच्या गावच्या रस्त्यावर 'वाघापासून सावध राहा' अशी पाटी लागली. आत्या बराच वेळ त्या पाटीपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि पाटी लावणाऱ्या माणसाला म्हणाली, "आमाले काऊन सांगून राह्यला? आमी तं सावधच हावोत. वाघाले सांग ना." तो बिचारा मोहफुलांच्या वासानं आधीच गुंगला होता. त्यानं खरंच जंगलाकडे एकदा वळून पाहिलं.

पोंभुर्ण्याजवळच्या एका खेड्यात तिच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आहेत, वांग्या-टमाट्याची वाडी आहे, आणि डिझेलवर चालणारी एक जुनी जीप आहे. जीप आतोबांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्यानं, घेतली होती. पण आतोबांची नजर अधू झाली तशी चाळिशी ओलांडलेल्या आत्यानं तिचा ताबा घेतला. पदर कमरेला खोचून, सीटवर दोन उशा ठेवून ती चंद्रपूरच्या बाजारापर्यंत गाडी चालवत जाते. वाटेत बैल आला, बस आली की हॉर्न वाजवत नाही, खिडकीतून डोकं काढून ओरडते. हॉर्नवर तिचा विश्वास नाही, कारण हॉर्न सगळ्यांना सारखाच ओरडतो.

या जीपवरून आत्याचा आणि आतोबांचा आयुष्यातला एकमेव मोठा तंटा झाला. एका हिवाळ्यात गाडी सकाळी लवकर सुरू होत नव्हती. कुणीतरी आतोबांना चहाच्या टपरीवर सांगितलं की डिझेलमध्ये थोडं पेट्रोल मिसळलं की इंजिन झटक्यात पेट घेतं. आतोबांनी आत्याच्या नकळत मोटारसायकलचं पेट्रोल जीपच्या टाकीत ओतलं. गाडी खरंच झटक्यात सुरू झाली. आत्या खूश झाली, आतोबा त्याहून खूश. मग गाडी खडखडायला लागली, चढावर दम टाकायला लागली, आणि एक दिवस बाजाराचा माल भरलेला असताना ऐन जंगलातल्या रस्त्यावर बंद पडली ती पडलीच. वांगी तिथंच उन्हात सुकली. चंद्रपूरच्या मिस्त्रीनं डिझेल पंप उघडून आत्याला दाखवला. आतलं लोखंड ओरबाडलेलं होतं. "बाई, डिझेलमंधी जे चोपडेपण असते ना, तेच या पंपाचं वंगण," तो म्हणाला. "पेट्रोलनं ते धुऊन काढलं. वरून ते इंजिनमंधी नको तवा पेटते. कोनं टाकलं?" कुणी टाकलं ते बाजूला उभ्या असलेल्या आतोबांच्या चेहऱ्यावर दिसतच होतं.

त्या दिवसापासून आतोबांच्या ताटातलं तेल बंद झालं. भाजी नुसती उकडलेली, वरणाला फोडणी नाही, चटणी कोरडी. आतोबांनी एकदा धीर करून विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली, "पंपाले बिना तेलाचं चालवलं ना तुमी? आता तुमी बी चालून दाखवा." जीप दुरुस्त होऊन घरी येईपर्यंत आतोबा तसेच चालले. मध्ये एकदा ते आमच्या घरी आले आणि माझ्या आईच्या हातचे भजे खाताना त्यांचे डोळे भरून आले होते.

हे सगळं सांगायचं कारण, माझं लग्न. नागभीडकडच्या मुलीशी ठरलेलं, सांजवेळचा मुहूर्त. वऱ्हाडाची बस पुढे निघून गेली आणि नवरदेवाला आपल्याच जीपमधून न्यायचं असा आत्याचा हट्ट म्हणून मी, बाबा आणि आत्या मागे राहिलो. आमच्या घरी मंगलाष्टकांच्या वेळी नवरदेवामागे कऱ्हा घेऊन उभं राहायचा मान आत्याचा असतो. तिनं त्यासाठी जांभळी जरीची साडी घेतली होती आणि साडीला डाग लागू नये म्हणून सीटवरच्या उशांना नवे अभ्रे घातले होते.

वाटेत एका पंपावर डिझेल भरायला थांबलो. पंप कुठला ते सांगत नाही. त्याला ओळखणारे ओळखतील. एरवी आत्या उतरून नळीपाशी उभी राहते. त्या दिवशी मात्र बाबा तिला "बाई, जरा लवकर, बाई, उशीर होऊन राह्यला," असं म्हणत होते आणि ती बाबांवर रागावण्यात गुंतली होती. बाबांवर रागावता रागावता तिचं नाक आखडलं.

"बंद कर!" ती ओरडली. "बंद कर म्हणतो ना! पेट्रोल हाये ते!"

नळी धरलेला पंपावरचा माणूस दचकला. टाकीत बरंच गेलं होतं. त्यानं नळीकडे पाहिलं, मग अगदी थंडपणे म्हणाला, "थोडंसंच गेलं बाई. वरून डिझेल टाकून देतो. मिसळून जाते."

"मिसळून जाते?" आत्या खाली उतरली. "चाबी फिरवली का हे पेट्रोल गाडीच्या पंपात, पंपातून इंजिनमंधी. मंग इंजिन तू देशीन का तुया घरून?" आणि बाबांनी काही म्हणायच्या आत तिनं किल्ली काढून कमरेला खोचली.

मग नवरदेवानं गाडी ढकलली. डोक्याला मुंडावळ्या, अंगात सूट, ऐन मे महिन्यातलं ऊन, आणि मी आणि बाबा ती जीप पंपापासून दूर, झाडाच्या सावलीत ढकलत होतो. येणारे-जाणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून शुभेच्छा देत होते. जवळच्या गावचा मिस्त्री आला, त्यानं टाकी पूर्ण रिकामी केली, नळ्या पुसल्या, फिल्टर बदलला. गंमत बघायला जमलेल्यांपैकी एकजण विडी ओढत जवळ आला. आत्यानं ती विडी त्याच्या तोंडातून काढून दूर रस्त्यावर नेऊन पायाखाली चिरडली. "ह्या पेट्रोलची वाफ तुया विडीपाशी चालत येते, तुले जायची गरज नाई," ती म्हणाली. तो माणूस नंतर कोणत्याही कारणानं जवळ आला नाही.

नवं डिझेल भरलं. आम्ही गाडीत बसलो. अजूनही वेळेत पोचलो असतो. पण आत्यानं किल्ली फिरवण्याआधी आरशात पाहिलं. टाकीतून काढलेलं ते मिश्रण कॅनमध्ये भरून पंपावरचा माणूस मागच्या शेडकडे नेत होता.

"ते कुठी चाललं?" तिनं ओरडून विचारलं.

"मांगच्या ड्रममंधी. शेठनं सांगितलं हाये. कॅन घेऊन येणाऱ्याले देऊन टाकतो."

आत्या उतरली. शेडजवळ रिकामी कॅन घेऊन एक माणूस उभाच होता. गावच्या तलावावर मासेमारी करायचा आणि तलावाखाली थोडं उन्हाळी धान लावायचा. आत्यानं त्याला विचारलं, "भाऊ, इथलंच डिझेल नेता का तुमी? कायले लागते?"

"इथलंच, बाई. पान्याच्या इंजिनले लागते. आन थोडं कंदिलात. रेशनचं रॉकेल भेटत नाई ना आता." मग तोच पुढे म्हणाला, "पर मांगच्या बाजाराले नेलं, तवापासून इंजिन ठणठण करून राह्यलं. अन् कंदील भपकन पेटते. बायकोच्या भुवया जळल्या परवा."

आत्यानं त्याची रिकामी कॅन हुंगून पाहिली. तेवढ्यात पंपाचा मालक बाहेर आला, पांढऱ्या कपड्यातला, नम्र, हसतमुख. "बाई, एवढ्याशानं काय होते? मिसळलेलं फेकून द्यावं का? लोक स्वस्तात नेतात, खूश असतात."

मला आजही ते आठवलं की अंगाची लाही होते. चुकीची नळी लागणं ही चूक. माणसाकडून होते. पण ते ठाऊक असताना ड्रममध्ये ओतणं, ड्रमला काही खूण न करणं, आणि पावती न मागणाऱ्या गरिबाच्या कॅनमध्ये ते भरून देणं, याला चूक म्हणत नाहीत. त्याच्या स्वतःच्या गाडीत त्यानं त्यातला एक थेंब टाकला नसता. आणि तिथं उभे असलेले सगळे, माझे बाबासुद्धा, "जाऊ द्या ना" म्हणत होते. जाऊ द्यायचं म्हणजे कुठं? त्या माणसाच्या झोपडीत?

आत्यानं मालकाकडे पाहिलंच नाही. तिनं त्या माणसाला विचारलं, "आता घरी कोन हाये?"

"बायको. इंजिन तिच्याच भरोशावर सोडून आलो. दिवेलागणीले कंदील घेऊन तलावावर जाते."

आत्या जीपपाशी आली आणि मला म्हणाली, "उतर खाली."

"अगं बाई, मुहूर्त!" बाबा रडकुंडीला आले. "पोराच्या मांगं कऱ्हा कोन धरन?"

"कोनीबी धरन. लगन माझ्याशिवाय लागते. तिकडं तं कंदील लागून राह्यला ना!" तिनं माझी बॅग बाहेर ठेवली, माझ्या मुंडावळ्या सरळ केल्या, गालावरून एकदा हात फिरवला. मग त्या माणसाला बाजूला बसवून उलट्या दिशेनं गाडी वळवली.

मी आणि बाबा टरबुजं भरलेल्या एका पिकअपमधून मंडपात पोचलो. सगळ्यांनी एकच विचारलं, नवरदेवाची आत्या कुठं आहे? बाबा प्रत्येकाला तेच सांगत होते, "डिझेल पाहाले गेली हाये." बायको नंतर म्हणाली, तिच्या माहेरच्यांना वाटलं की आमच्या घराण्यात तशी काही चाल असावी.

तिकडे काय झालं, ते मला त्या माणसानं पुढं सांगितलं. तो अजूनही आमच्या घरी येतो, मासे घेऊन. जीप तलावाच्या पाळीवर पोचली तेव्हा इंजिनचा ठणठणाट लांबूनच ऐकू येत होता. आत्या जरीच्या साडीनिशी चिखलात उतरली आणि तिनं आधी इंजिन बंद केलं. त्याची बायको धावत आली, "कोन हाव तुमी? पानी काऊन बंद केलं?" तिच्या भुवया जळालेल्या होत्या. आत्यानं उत्तर द्यायच्या आधी झोपडीत जाऊन कंदील उचलला. तो भरून, काच पुसून, काडेपेटी शेजारी ठेवून तयार होता. तो तिनं बाहेर उघड्यावर नेला, रिकामा केला, मगच तिला जवळ बसवून सगळं समजावून सांगितलं. ती बाई ऐकत राहिली आणि शेवटी झोपडीत निजलेल्या आपल्या म्हाताऱ्या सासूकडे पाहून रडायला लागली. साधारण त्याच वेळी इकडे माझ्या लग्नाची मंगलाष्टकं चालू होती.

उरलेलं मिश्रण कॅनमध्ये घट्ट बंद करून आत्या पुन्हा पंपावर गेली आणि मालकाच्या टेबलावर ती कॅन ठेवून बसली. ड्रमवर लाल रंगानं मोठी फुली मारून त्याला कुलूप लागेपर्यंत, आणि त्या माणसाच्या इंजिनच्या दुरुस्तीचा खर्च मालक कबूल करेपर्यंत, ती उठली नाही. पुढे तिनं तालुक्याला जाऊन तक्रारही केली. तिथल्या साहेबांनी विचारलं, "नेमकं नुकसान काय झालं?" आत्या म्हणाली, "अजून मोठं नाई झालं. म्हनून तं आली. झाल्यावर सारेच येतात." साहेबांनी बघतो म्हटलं. पंप आजही चालू आहे. मालक आजही नम्र आहे. ड्रम दिसत नाही. तो कुठं गेला हे कुणी सांगत नाही, आणि मला त्याचाही राग येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही नवरीला घेऊन घरी आलो तेव्हा आत्या दारातच बसलेली होती. साडीचा काठ चिखलानं कडक झालेला. तिनं आम्हाला ओवाळलं आणि मग माझ्या बायकोचा हात धरून तिला पडवीत नेऊन बसवलं. "सांग मले," ती म्हणाली, "काय काय झालं? सुरुवातीपासून सांग." दोन रात्री न झोपलेल्या त्या पोरीनं तिला सगळं सांगितलं. कोणत्या रंगाचा अंतरपाट होता, भटजी कुठं अडखळले, अक्षता कुणाच्या डोळ्यात गेल्या. आत्या मान हलवत ऐकत होती.

आताही ती आमच्याकडे आली की दुपारी जेवणं झाल्यावर बायकोजवळ सरकते आणि म्हणते, "सांग ना, तुयं लगन." बायको सांगते. आणि अलीकडे, कधीपासून ते मला नेमकं ठाऊक नाही, बायको सांगताना मध्येच म्हणते, "अन् तुमी ना आत्याबाई, यांच्या मांगं उभ्या होत्या. जांभळी साडी नेसून. कऱ्हा धरून."

साऱ्या जगाला तिथल्या तिथं दुरुस्त करणारी माझी आत्या हे मात्र दुरुस्त करत नाही. डोळे मिटून बसते, आणि थोड्या वेळानं हळूच विचारते, "मंग?"