मावशीचे वरचे दात
माझी मावशी शिवणकाम करते आणि दोरा दातांनी तोडते. कात्री शेजारीच असते, पण ती उचलण्यात म्हणे वेळ जातो. वरचे दात पडून कवळी आली तरी खोड गेली नाही. मग दोऱ्याबरोबर कवळीच बाहेर यायची. पुढे पुढे तर नुसतं बोलतानाही ती खाली सरकायला लागली. तेव्हापासून मावशी स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून एकटी जेवायची. काका बाहेर एकटे. दोन माणसांच्या घरात दोन पंगती! मला रागही यायचा आणि वाईटही वाटायचं.

शेवटी मीच तिला दातांच्या डॉक्टरबाईंकडे ओढत नेलं.

"वरच्या जबड्यात हाड नावाला उरलंय," एक्स-रे दाखवत त्या म्हणाल्या. "पक्के दात बसवायचे साधे स्क्रू धरणार नाहीत. एक तर कमरेचं हाड काढून तिथं भरायचं आणि ते रुजेपर्यंत कित्येक महिने थांबायचं. नाहीतर लांब स्क्रू थेट गालाच्या हाडात बसवायचे. त्यावर दात लवकर बसतात, पण ऑपरेशन मोठं आहे. तेही नको असेल, तर नवी कवळी करून बघू."

जिन्यात मावशी म्हणाली, "विरलेल्या कापडात टाका धरत नाही. घट्ट लागेल तिथवर जायचं. गालातच बसवू दे." मग माझा हात धरून हळूच, "दुखेल का गं?"

"दुखेल," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

ऑपरेशन झालं, तात्पुरते दात बसले. काही महिने मऊच खायचं, पुढच्या दातांनी काही म्हणजे काही तोडायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलं. आठवडाभरात बाईसाहेब मशीनवर बसल्या आणि कट्‌! जित्याची खोड, दुसरं काय! मी तिला वाट्टेल ते बोलले.

"स्क्रू हलला असेल तर?" ती रडत म्हणाली. "मला एकदा ह्यांच्यासमोर बसून जेवायचं होतं गं."

मी तिला तशीच उठवली आणि दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी एकेक स्क्रू तपासला. सगळे घट्ट होते. पुढच्या दाताचा फक्त टवका उडाला होता. तो भरायला त्यांनी चार दिवसांनी बोलावलं.

मला वाटलं, तोवर ही स्वयंपाकघरातच दडणार. पण त्याच संध्याकाळी मऊ भाताचं ताट घेऊन ती काकांसमोर येऊन बसली, तुटक्या दातासकट. काका बघतच राहिले.

"काय बघताय? जेवा की!"

"जेवतोय," काका म्हणाले.

ती एकेक घास घोळवत, अगदी सावकाश जेवत होती. काकांचं ताट कधीच रिकामं झालं होतं. हात वाळला, तरी ते उठले नाहीत.