आरतीपुरतं इंजिन

काशीनाथकाकांच्या मते जगातली कुठलीही वस्तू एकाच कारणाने खराब होते, ते म्हणजे माणसं ती वापरतात. गिरगावची खोली सोडून ते भाईंदर पूर्वेला, खारी गावाजवळच्या सोसायटीत आले, ते सोफा प्लास्टिकसकट घेऊन. मिक्सर अजून खोक्यात होता आणि प्रभावतीकाकू पाट्यावर वाटण वाटत होत्या. रिटायर होताना काकांनी पांढरी, चार दारांची गाडी घेतली आणि ती तर फारच जपली. म्हणजे चालवलीच नाही.

पण इंजिन नुसतं पडून राहू नये, एवढं त्यांना कळत होतं. म्हणून रोज सकाळी आंघोळ झाली की काका पार्किंगमध्ये उतरायचे, बॉनेटला हळदकुंकू लावायचे, वायपरमध्ये उदबत्ती खोचायचे, मोबाइलवर आरती लावायचे आणि चावी फिरवायचे. आरती चालू तोवर इंजिन चालू. शेवटची घंटा वाजली की इंजिन बंद. गाडी जागची इंचभर हलायची नाही. वॉचमन मात्र खडीसाखरेसाठी हात पुढे करून उभा.

हे असंच सुखाने चाललं असतं. पण सोसायटीत गाड्या वाढल्या, जागा तेवढीच राहिली आणि सेक्रेटरी नीलमबेननी नवा नियम काढला. जी गाडी चालत नाही, तिचा स्लॉट जाणार. रविवारी सकाळी कमिटी बघायला येणार.

"काशीनाथभाई, रूल एटले रूल," नीलमबेन म्हणाल्या. "गाडी चालती-फिरती पायजे. तुमची तो मंदिर छे."

"अहो, रोज चालू करतो मी!"

"चालू करता. चालवता कुठे?"

स्लॉट गेला तर गाडी रस्त्यावर. कावळे, क्रिकेटचे बॉल, शिवाय येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघणार. "त्यापेक्षा विकलेली बरी," असं काकांच्या तोंडून निघून गेलं आणि मग त्यांना जेवणच जाईना.

शुक्रवारी त्यांनी रंगीत तालीम म्हणून गाडी गेटपर्यंत न्यायला घेतली. गेट यायच्या आत डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लुकलुकला आणि बॉनेटखालून टकटक, टकटक सुरू झालं.

"अहो, आत कोणी अडकलंय का?" काकूंनी विचारलं.

नाक्यावरच्या समाधानला बोलावणं गेलं. समाधान परभणीकडचा. गॅरेज टाकण्याआधी तो एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय होता. नोकरी सुटली, पण भाषा सुटली नाही.

"कधीपासून त्रास हाय पेशंटला?"

"आजच."

"सगळेच आजच म्हणतेत. पेट्रोल कुठलं दिलंय?"

"गेल्या दिवाळीतलं."

समाधानने इंजिनवरचं तेलाचं झाकण फिरवून उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट, घट्ट, चिकट थर.

"अगं बाई, आम्रखंड!" काकू म्हणाल्या.

"चाखू नका काकू. तेल अन् पाणी घुसळून झालेला गाळ हाय ह्यो."

"पाणी? मी तर गाडी पावसातसुद्धा काढली नाही," काका कळवळले.

"ह्याची कारणं दोन असतेत. एक, हेड गॅस्केट फाटलं की रेडिएटरचं पाणी तेलात उतरतंय. मग मोठं ऑपरेशन."

समाधानने रेडिएटर उघडला. पाणी काठोकाठ, वर तेलाचा तवंग नाही.

"हे पाणी कधी कमी पडलं?"

"कधीच नाही."

"मग गॅस्केट शाबूत. आता सांगा, इंजिन रोज किती चालतंय?"

"आरतीपुरतं."

समाधानने कान खाजवला. "काका, इंजिन चालू झालं की आत वाफ धरते. गरम पोळ्यांच्या डब्याला पाणी सुटतंय ना, तसं. इंजिन चांगलं तापलं तर ते उडून जातंय. तुम्ही तापायच्या आत बंद करायलात. रोजचं पाणी रोज तेलात. तेल कधी बदललं?"

"बदलायला ते वापरलंय कुठे?"

समाधान थोडा वेळ गाडीकडे आणि थोडा वेळ काकांकडे बघत राहिला. पेशंट नक्की कोण, ते ठरवत असावा.

"डिझेल ओतून आतून धुऊन टाकू का? मोबाइलवर दाखवतात," काकांनी सुचवलं.

"गाळाचे ढेकळं सुटून खालच्या जाळीत बसतील. मग डायरेक्ट आयसीयू."

त्याने गाडी वर घेऊन खालचं तेलाचं चेंबर उतरवलं. तळाला काकवीसारखा काळा गाळ. तेल ओढून घेणारी जाळी त्या गाळाने पार लिंपलेली. वर तेल पोचत नव्हतं, म्हणून दिवा आणि म्हणून टकटक. चेंबर धुतलं, जाळी साफ केली, नवा फिल्टर, नवं तेल. चावी फिरवली. दिवा विझला, टकटक थांबली आणि काकांनी हात जोडले.

"हे तेल लवकरच परत बदलू, उरलेला गाळ त्यात उतरेल. अन् रोज लांब फेरी मारायची. उत्तनपर्यंत, सलग."

"जागेवरच नाही चालणार? आरतीऐवजी भजनी सप्ताह लावतो."

"सप्ताह लावा न्हाईतर लग्न लावा. गाडी रस्त्यावर पाहिजे."

रविवारी कमिटीसमोर गाडी अडून फजिती नको, कमिटी यायच्या आत एक फेरी मारून यावी, म्हणून काका सकाळीच काकूंना घेऊन निघाले. पुलावरून पश्चिमेला उतरले, उत्तनचा रस्ता धरला. सगळा प्रवास दुसऱ्या गिअरमध्ये. तिसरा अजून कोरा होता. मागे बस कोकलत होती.

"अहो, ती बस आपल्याला काहीतरी म्हणतेय."

"म्हणू दे. काटा बघ, तापमानाचा काटा! मध्यावर आला!"

त्या आनंदात ते उत्तनच्याही पुढे, चौक गावापर्यंत गेले. परत आले तर त्यांच्या स्लॉटमध्ये दुसऱ्याच कोणाची लाल गाडी आणि शेजारी नीलमबेन.

"इन्स्पेक्शन झालं, काशीनाथभाई. तुमची गाडी जागेवर नव्हती."

"हलली म्हणून नव्हती! हलवायचीच तर होती ना?"

"हलली, ते बरोबर. पण आम्हाला दिसली नाय. आम्ही रिकामा स्लॉट बघितला. रिकामा स्लॉट एटले वेटिंगवाल्याला. रूल छे."

मागे टेम्पोवाला हॉर्न देत होता.

"आता काय, विकायची?" काकूंनी हळूच विचारलं.

काकांनी काट्याकडे पाहिलं. "आत्ता नको," ते म्हणाले. "गरम आहे."

तेव्हापासून गाडी सोसायटीबाहेर रस्त्यावर असते. तिथे सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला पार्किंग. गाडी हलवली नाही तर टोइंगवाले उचलून नेतात. म्हणजे रोज चालू करणं आलं. आणि चालू केली की तापवल्याशिवाय बंद करायची नाही, म्हणून रोज उत्तन आलं. सम तारखेला निघतात, विषम तारखेला निघतात.

उत्तनच्या बाजारात गिरिजाबाई मासे विकायला बसते. तिने आठवडाभर पाहिलं आणि शेवटी काकूंना हटकलं.

"काय गो बाय, रोज येतंस न् मासे न्हाय घेत. नवऱ्याची नोकरी हाय काय हिकडं?"

"नाही हो. आम्ही गाडी तापवायला येतो."

गिरिजाबाईने शेजारणीला कोपराने ढोसलं. "आयकलंस? आपण बोंबील सुकवतो, हे लोक गाडी तापवतान!"

काकांनी बॉनेटवर तळहात ठेवला, चटका बसल्यावर झटकन उचलला आणि मान डोलावली.

"प्रभा, झाली गं. चल."