साहेबाची खुर्ची

दादा गेल्यापासून फोन थांबत नाहीत. सांत्वनाची दोन वाक्यं संपली की समोरचा म्हणतो, "अरे, तुला सांगतो, एकदा काय झालं..." असे किस्से किती जमले! माझी शाळा अर्ध्यात सुटली, मी लंडनजवळ स्लाऊला वेअरहाऊसमध्ये खोकी उचलतो. लिहायची सवय नाही, पण विसरायची भीती वाटते.

दादा माझा सावत्र भाऊ. पप्पा बोटीवर कुक होते. त्यांचं पहिलं लग्न एका बेटावर झालं. ती दादाची आई, माझी मोठी आई. त्या बेटावर आजही ब्रिटिशांचं राज्य आहे. गव्हर्नर लंडनहून येतो, मोठ्या नोकऱ्या लंडनच्या माणसांना. बेटावरच्यांना कोणी विचारत नाही. लंडनमधल्या क्रॉयडनला राहून दादा त्यासाठीच भांडायचा.

*

इथे राहणाऱ्या बेटावरच्या लोकांनी त्याला लीडर करायचं ठरवलं, तेव्हा एक म्हातारा उठला. "हा अर्धा इंडियन आहे. आपला कसा?"

दादा म्हणाला, "अंकल, मी अर्धा तरी तुमचा आहे. गव्हर्नर पाव तरी आहे का?"

पहिला हात म्हाताऱ्याचाच वर गेला.

*

स्लाऊच्या गणपतीला मी त्याला घेऊन गेलो. त्याचे कुरळे केस, सावळा रंग बघून एका काकांनी मला विचारलं, "हा कुठला रे? याला आरती येते का?"

"येते, काका," दादा मराठीत म्हणाला. "तुमचं दुसरं कडवं चुकलं."

सगळे हसले. परतताना ट्रेनमध्ये मात्र तो खिडकीबाहेर बघत बसला.

*

दादाच्या प्रत्येक मीटिंगला पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी असायची. बेटाचा कारभार बघणाऱ्या लंडनच्या साहेबाला तो दरवेळी बोलवायचा. साहेब कधीच आला नाही.

एकदा मी शिफ्टवरून थेट गेलो आणि तिथेच बसलो. दादानं भाषण थांबवलं. "ऊठ."

"अरे, कोण येतंय इथे?"

"तो आला नाही तर चूक त्याची. जागा नसली तर आपली."

मी दोन तास भिंतीला टेकून उभा होतो.

*

हॉस्पिटलमध्ये त्याच्या बेडशेजारी एकच खुर्ची होती. मी किती वेळ उभाच.

दादानं मास्क बाजूला केला. "येड्या, ही तुझी आहे. बस."

*

फ्युनरलला हॉल भरला होता. लोक भिंतींना लागून उभे होते, तरी पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामीच. सुरू करणार इतक्यात काळ्या कोटातला एक माणूस आला आणि दाराशीच थांबला. फोटोत पाहिलेला साहेब.

माझं डोकं फिरलं. आज सवड झाली याला? मी त्याच्या अंगावर धावलो. मोठ्या आईनं माझी बाही धरली.

ती स्वतः दारापर्यंत गेली. साहेबाला हाताला धरून पुढे आणलं आणि त्या खुर्चीवर बसवलं. मग ती भिंतीशी उभ्या असलेल्या लोकांकडे वळली.

"तो आलाय," ती म्हणाली. "आता एकेक जण बोला."